किडनीची तालीम

आमच्या घराण्यात कुणी कधी पळालेलं नाही. वडील चालायचे, तेही शेताच्या बांधापर्यंत, आणि बांध आला की आधी बसून घ्यायचे. मी तर बसण्यात वडिलांच्याही पुढं गेलो. सरकारी कचेरीत चिकटलो आणि खुर्चीत असा बसलो की फाईल माझ्याकडं यायची, मी फाईलकडं गेल्याचं कुणाला आठवत नाही. बायको पाहुण्यांना सांगते की सप्तपदीच्या वेळी चौथ्याच पावलाला यांनी भटजींना 'अजून किती' म्हणून विचारलं होतं. हे खोटं आहे. मी फक्त भटजींकडं बघितलं होतं.

तर अशा माणसावर एके दिवशी किडनी द्यायची वेळ आली.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, फुलंब्रीला दिलेली. मला कडेवर घेऊन वाढवलं तिनंच, आणि त्या वजनाचा हिशेब ती अजून मला ऐकवते. रक्तदाबानं तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा दाजी तिला एसटीनं शहरात आणायचे, दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर ठेवायचे, आणि मग दोघं शहागंजच्या गल्लीतल्या आमच्या घरी टेकायची. तिला पाणी मोजून होतं. दिवसाला इतकी फुलपात्रं, वर थेंब नाही. ती घोट तोंडात घेऊन तसाच धरून ठेवायची, लवकर गिळायची नाही. त्या वेळी कुणी बोललं तर हातानंच थांब म्हणायची. जन्मभर जिची जीभ थांबली नाही ती बाई घोटभर पाण्यासाठी गप्प बसायची. ते मला बघवायचं नाही, म्हणून मी त्या वेळी पेपर वाचायचो.

दवाखान्यातल्या किडनीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या की मशीनवर दिवस निघतील, पण घरचं कुणी किडनी दिली तर बाई पुन्हा शेतात उभ्या राहतील. दाजींना शुगर. मुलगी नुकती बाळंत झालेली. संध्याकाळी चहाच्या वेळी यावर बोलणं चाललं होतं. सगळे एकमेकांकडं बघत होते, माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. त्याचाच राग आला असावा. मी म्हणालो, मी देतो.

अक्कानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"ह्याची? चालू तरी हाय का बघा आधी. झोपली असंल ती बी."

दाजींना चहाचा ठसका लागला, बायको हसली, मीही हसलो. मग अक्का बशा उचलून आत गेली आणि ओट्याकडं तोंड करून बराच वेळ उभी राहिली, नळ नुसता सोडून. हे मला बायकोनं नंतर सांगितलं.

रक्तगट जुळला, रक्त-लघवीची पहिली साधी तपासणीही ठीक आली. सोनोग्राफीत माझ्या दोन्ही किडन्या आपापल्या जागी सापडल्या, याचंही घरात नवल झालं. मॅडम म्हणाल्या, आता महिन्यानं मोठी तपासणी करू. एका कॅनमध्ये अख्ख्या दिवसरात्रीची लघवी साठवून आणायची, रक्त द्यायचं, त्यावर सगळं ठरेल. तोवर पोट थोडं कमी करा, सकाळी चालत जा.

त्या चाला म्हणाल्या होत्या, हे मी कबूल करतो. पण एवढं मोठं काम आणि नुसतं चालायचं? आमच्या घरात तपासणी या शब्दाला एक मान आहे. वडील बैल बाजाराला न्यायचे तेव्हा महिनाभर आधीपासून त्याला पेंड चारायचे, शिंगं तासून तेल लावायचे, अंग असं घासायचे की त्यात तोंड दिसावं. बघणाऱ्यानं बघितलं की मान डोलावली पाहिजे, हा त्यांचा कायदा. माझ्या लग्नाच्या बोलणीला सासरचे आले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मलाही तसंच घासलं होतं. तेव्हा अक्कासाठी न्यायची किडनी मी अशीच, आहे तशी, धूळ बसलेली नेणार नव्हतो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका उस्तादांचं अत्तराचं दुकान आहे. जवानीत कुस्त्या खेळलेले, कान मोडलेले, आता मान आणि पोट यांच्यामध्ये जागा उरलेली नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि तो हात अत्तराच्या फडक्याला पुसला.

"मामू, गुर्दा बी आखिर गोश्तच है. जित्ता रगडो उत्ता मजबूत."

मला ते पटलं. मी बी.कॉम. आहे.

दुसऱ्या दिवसापासून विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीवर आमची तालीम सुरू झाली. तालीम माझी, उस्ताद पायथ्याच्या दगडावर चहाचा थर्मास घेऊन बसायचे. मी वर पळायचो, म्हणजे निदान हात तरी पळणाऱ्यासारखे हलवायचो. पहिल्या दिवशी एक आजी मला काठी टेकत मागं टाकून गेल्या, आणि वर पोचल्यावर माझ्यासाठी बाकड्यावर जागा धरून बसल्या. पण आठ-पंधरा दिवसांत पाय खरंच उचलायला लागले. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं, तेही आतल्या बाजूला. कचेरीत मी स्वतः उठून फाईल आणली तेव्हा साहेबांनी विचारलं, घरी सगळं ठीक ना? बायकोला मी चालायला जातो असं माहीत होतं, आणि घामानं भिजलेले सदरे बघून ती म्हणायची की यांना चालण्यातही इतका त्रास होतो, तर बिचारे पळाले तर काय होईल.

तपासणीचा दिवस आला. रविवारी सकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत कॅन भरायचा होता. उस्तादांचं म्हणणं पडलं की कुस्तीच्या दिवशी पैलवान अंग गरम करून उतरतो, तेव्हा गुर्दाही गरम करूनच उतरवायचा. उन्हाळा लागलेला होता. आम्ही नेहमीपेक्षा उशिरा निघालो, आणि मी ती टेकडी चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. किती वेळा ते मोजायला श्वास शिल्लक नव्हता. मध्ये पाणी मागितलं तर उस्ताद म्हणाले, आखाड्यात गडी पाणी पीत नाही, पोट जड होतं. त्यांच्या आवाजात अशी काही जरब होती की मी थुंकीसुद्धा जपून गिळली. ऊन डोक्यावर आल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं, पाठ थोपटली आणि सरळ नान-खलिया खायला नेलं. गोश्ताला गोश्त लागतं, हा त्यांचा दुसरा सिद्धांत. हाही मला पटला.

दुपारी गुडघे आणि मांड्या ठणकायला लागल्या. औषधाच्या दुकानातून दुखण्याची गोळी आणून घेतली. रात्री दुसरी घेतली. कॅनमध्ये जे जमत होतं त्याचा रंग शिळ्या चहासारखा दिसत होता. मी म्हटलं, उन्हाळी लागली. बायकोनं लगेच तांब्याभर धण्या-जिऱ्याचं पाणी करून ठेवलं. पण ते मी प्यालो नाही, आणि त्यामागंही विचार होता. डेअरीला दूध घालताना त्यात पाणी मिसळणाऱ्या माणसांबद्दल मला लहानपणापासून तिटकारा आहे. आपल्या सख्ख्या बहिणीसाठी जो माल तपासायला जातोय तो दाट नको का जायला? तेव्हा मी घसा कोरडा ठेवून, शुद्ध, बिनपाण्याचा कॅन भरला. भरला म्हणजे तळाला लागला.

सोमवारी सकाळी तो मांडीवर घेऊन मी शेअर रिक्षात बसलो. शेजारच्या बाईंनी कॅनकडं बराच वेळ बघितलं आणि गावाकडची काकवी का, कुठल्या गुऱ्हाळाची, अशी चौकशी केली. मी घरचीच आहे एवढंच म्हणालो. त्या म्हणाल्या, रंगावरून कळतंच.

रिपोर्ट दोन दिवसांनी येणार होता. ते दोन दिवस मी जिना चढताना आणि उतरताना देवाचं नाव घेत काढले.

मॅडमच्या खोलीत आम्ही चौघं बसलो, अक्का, दाजी, बायको आणि मी. मी मुद्दाम छाती पुढं काढून बसलो होतो. बैलाच्या अंगावर हात फिरवल्यावर गिऱ्हाइकाचा चेहरा कसा उजळतो ते मी लहानपणी पाहिलेलं आहे, त्याची वाट बघत होतो. मॅडमनी कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला, आणि चष्मा काढला. मग फार मऊ आवाजात सांगायला लागल्या. लघवीतून प्रोटीन जातंय. रक्तही जातंय. क्रिएटिनिन वाढलंय. महिन्यापूर्वी यातलं काहीच नव्हतं. त्या म्हणाल्या, असं असेल तर यांची किडनी घेता येणार नाही, उलट यांनाच काय झालंय ते शोधावं लागेल.

माझी छाती आपोआप आत गेली. मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. इतकी मेहनत करून नापास, असं वाटलं. अक्काकडं बघायची हिंमत मला व्हायला थोडा वेळ लागला.

तिनं पदर सारखा केला आणि मॅडमकडं सरकून बसली.

"माझं ऱ्हाऊ द्या बाई. मी मशीनवर हाय की, मला काय घाई नाय. आधी ह्याला बघा. आम्हाला भाऊ एकच हाय."

दाजी वरच्या पंख्याकडं बघायला लागले. बायकोनं माझं मनगट धरलं. मॅडम म्हणाल्या, आणखी तपासण्या लिहून देते, खाली रक्त देऊन जा. आम्ही उठलो. म्हणजे ते तिघं उठले. मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन, टेबलाला धरून उभा राहिलो.

दवाखान्याचा जिना उतरायचा होता. चढताना कसातरी आलो होतो, पण उतरताना मांड्या नाहीच म्हणायला लागल्या. घरी मी एक युक्ती काढली होती, तीच इथंही केली. जिन्याकडं पाठ केली, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि विहिरीत उतरावं तसा उलटा, एकेक पाय चाचपत उतरायला लागलो. दाजी खाली हात पसरून उभे, जणू मी पडलोच तर झेलणार. तेवढ्यात मॅडम कशासाठी तरी बाहेर आल्या आणि कठड्यावरून वाकून बघत राहिल्या.

"अहो, तुम्ही असे काय उतरताय?"

"काही नाही मॅडम," मी म्हणालो, "टेकडीमुळं जरा पाय भरलेत."

"कुठली टेकडी?"

मला परत वर बोलावलं. चढायला बराच वेळ लागला, पण मॅडम दारातच उभ्या राहिल्या. मग मी सगळं सांगितलं, आणि सांगताना मला पुन्हा थोडा अभिमानही वाटायला लागला. वडिलांचा बैल सांगितला, टेकडी सांगितली, ऊन सांगितलं, आखाड्याचा नियम सांगितला, नान-खलिया सांगितला, गुडघ्याच्या गोळ्या सांगितल्या. कॅनमध्ये दाट माल जावा म्हणून पाणी कसं टाळलं ते सांगितलं तेव्हा मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी डोळे झाकले. खांदे हलत होते. मला वाटलं बाईंना वाईट वाटलं. त्या हसत होत्या.

हसून झाल्यावर मात्र त्यांनी मला असं झापलं की वडिलांनंतर तसं कुणी झापलेलं नाही. त्यांचं म्हणणं मला समजलं तसं सांगतो. शरीराला सवयीच्या पलीकडं ताणलं की स्नायू आतून थोडे फाटतात, त्यांचा कचरा रक्तात येतो, आणि तो गाळायचं काम किडनीचं. त्यात रक्त सगळं पायांकडं धावलेलं, किडनीच्या वाट्याला कमी येतं. मॅरेथॉन पळणाऱ्या चांगल्या तरण्याताठ्या खेळाडूंच्या लघवीतसुद्धा दुसऱ्या दिवशी प्रोटीन दिसतं, कधी रक्त दिसतं. विश्रांती घेतली, पाणी प्यालं, की बहुतेकांचं चार-आठ दिवसांत जातं. पण उन्हात, पाण्यावाचून आणि वर दुखण्याच्या गोळ्या खाऊन कुणी असा ताण दिला तर ते जात नाही, माणूस काळी लघवी घेऊन दवाखान्यात येतो, आणि कधी कधी मशीनवरही जातो.

"तुमची किडनी आजारी असेल असं मला आता वाटत नाही. दमलीय ती," मॅडम म्हणाल्या. "माझ्याही वडिलांच्या दारात बैल होते हो. बाजाराला न्यायच्या दिवशी ते बैलाला नांगराला जुंपून, उपाशी-तहानलेला नेत नव्हते."

माझे वडील असते तर त्यांनीही मॅडमचीच बाजू घेतली असती.

अक्का इतका वेळ ऐकत होती. तिनं विचारलं, म्हंजी खराब नाय ना? मॅडम म्हणाल्या, आज खात्री देत नाही. आजचं रक्त बघू, आठवडाभर यांनी काहीही करायचं नाही, पळणं नाही, चढणं नाही, गोळी नाही, मटण नाही, भरपूर पाणी प्यायचं, मग पुन्हा तपासू. त्यावर सगळं.

"काय बी करायचं नाय?" अक्का उठता उठता म्हणाली. "मग तर बाई ह्याचा पयला नंबर."

त्या आठवड्यात अक्का फुलंब्रीला गेलीच नाही. दाजींना जनावरांसाठी परत पाठवलं आणि स्वतः आमच्या घरी माझ्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसली. मी आयुष्यभर ज्याची स्वप्नं बघितली ते सगळं मला मिळालं होतं. कचेरीला रजा, डोक्यावर पंखा, उठू नकोस म्हणणाऱ्या दोन बायका. आणि मला पडवत नव्हतं. या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचो, की अक्का म्हणायची, हलू नको, दमंल ती. किडनीचं असं कौतुक सुरू झालं की मला ती पोटात झोपलेली पाहुणी वाटायला लागली.

मी बाथरूमला गेलो की अक्का बाहेरून विचारायची, कसा रंग? आमची गल्ली अरुंद, भिंती पातळ. मी आतून हळू सांगायचो, फिका. ती विचारायची, फिका म्हंजी कसा? तिसऱ्या दिवशी समोरच्या दुकानदारानं मला खिडकीतून विचारलं, आज कसं काय, फिकाच ना?

उस्तादही येऊन गेले. खजुराचा पुडा आणला होता. अक्कानं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, भाऊ म्हटलं, आणि मग त्यांच्या दोन्ही सिद्धांतांची अशी सालं काढली की मोडलेले कानसुद्धा लाल झाले. ते मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "आपा, गलती हो गई." आणि समोरचं पाणी एका दमात प्याले. तेव्हापासून ते दुकानात पाण्याची बाटली ठेवतात. येणाऱ्या गिऱ्हाइकालाही आधी पाणी पाजतात, मग अत्तर लावतात.

एका दुपारी मात्र हसायला काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मशीनची पाळी असल्यानं अक्काचा चेहरा सुजलेला होता, ओठ सुकलेले. तिनं त्या दिवसाची स्वतःची फुलपात्रं सकाळीच संपवली होती. माझ्यासमोर तांब्या भरून ठेवला, पेला भरला आणि माझ्या हातात दिला. मी म्हणालो, नको अक्का, आत्ताच प्यालो. मला तिच्यासमोर पाणी पिणं जमत नव्हतं. तोंड फिरवून प्यावं तर ते अजूनच वाईट दिसलं असतं.

"पी," ती म्हणाली. "माझ्या वाटचं पी."

मी प्यालो. ती माझ्या गळ्याकडं बघत होती, घोट खाली जातोय की नाही ते. पेला रिकामा झाला की पुन्हा भरत होती. पेपर उशाशीच होता, पण या वेळी मी तो उचलला नाही.

आठवडा संपला. कॅन पुन्हा भरला, आणि या वेळी तो रिक्षात कुणी काकवीचा समजला नसता. नीट झाकणाशी आलेला, लिंबाच्या सरबतासारखा. रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी चष्मा काढला नाही. प्रोटीन नाही, रक्त नाही, क्रिएटिनिन खाली, महिन्यापूर्वी होतं तिथं. त्या म्हणाल्या, या वयाच्या माणसाच्या इतक्या जपलेल्या किडन्या क्वचित बघायला मिळतात. दाजी म्हणाले, जपलेल्या कसल्या मॅडम, वापरल्याच कुठं.

पुढं दवाखान्याच्या परवानगी देणाऱ्या समितीसमोर बायकोलाही उभं केलं. कुणाचा दबाव नाही ना, यजमान एक किडनी देताहेत, तुम्हाला चालेल ना, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, चालेल की, यांना दोन-दोन ठेवून तरी काय करायचंय. समितीतल्या एका साहेबांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. सही करून बाहेर आल्यावर मात्र तिनं माझा हात धरला तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही.

ऑपरेशन झालं. मी शुद्धीवर आलो तेव्हा कूस अशी दुखत होती, जणू सगळी टेकडी त्या एका जागी येऊन बसली होती. दाजी पायांवर कापडी पिशव्या चढवलेल्या अवस्थेत माझ्या पलंगाजवळ आले. गाय व्यायल्याची बातमी सांगावी तसा चेहरा झाला होता.

"पाव्हणं, झाली! पिशवी भरायलीय."

लघवीच्या बातमीनं माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. बायकोनं तर खाली जाऊन पेढे आणले. वॉर्डातल्या लोकांनी विचारलं, काय झालं, मुलगा की मुलगी? तिनं खरं सांगितलं, तरी सगळ्यांनी पेढा घेतला.

चार-सहा दिवसांनी अक्का तोंडाला मास्क लावून, नर्सच्या आधारानं माझ्या खोलीच्या दाराशी आली. चेहऱ्याची सूज गेली होती, त्यामुळं नाक पुन्हा पहिल्यासारखं तरतरीत दिसत होतं. हातात पाण्यानं भरलेला मोठा स्टीलचा पेला. तिला आता भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. ती खुर्चीवर टेकली, मास्क खाली ओढला, आणि माझ्याकडं बघत तो पेला तोंडाला लावला. लहानपणी ज्या घटाघटा आवाजाबद्दल आई आम्हाला पाठीत धपाटा घालायची, तो आवाज करत तिनं तो संपवला. मध्ये कुठंही तोंडात धरून ठेवलं नाही. मग पदरानं ओठ पुसले.

"तुझ्याकडं होती तवा नुसती बसून होती," ती म्हणाली. "आता बघ कशी कामाला लावते."

आणि माझ्या उशाशी असलेल्या जगमधून तोच पेला पुन्हा भरून तिनं माझ्यासमोर धरला.

"घे. तुझ्याकडं आता एकच हाय."